स्पायडरमॅनची पाच पानं आणि जुन्या सुपरहिरो कॉमिक्समधली चित्रांची करामत

शाईचा डाग

सध्या जुनी अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स परत काढून वाचतोय. वाचतोय कसला, बघतोय. लहानपणी गोष्टीमागे धावत पानं भराभर उलटली होती. कोण जिंकलं एवढं कळलं की काम झालं. आता गोष्ट तोंडपाठ आहे, त्यामुळे चित्रकारानं पान कसं मांडलंय तिकडे लक्ष जातं. आणि तिथे इतका ऐवज पडलाय की धागा काढल्याशिवाय राहवेना.

ज्या पानांमुळे हे खूळ डोक्यात शिरलं त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. 'द अमेझिंग स्पायडरमॅन', अंक ३३, फेब्रुवारी १९६६. चित्रं स्टीव्ह डिटकोची, संवाद स्टॅन लीचे. गोष्ट ३१ व्या अंकापासून चालू आहे. पीटरनं, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडरमॅननं, मे काकूला रक्त दिलेलं असतं, त्या किरणोत्सर्गी रक्तामुळेच ती आता मरणाच्या दारात आहे. तिला वाचवू शकणारं औषध डॉक्टर ऑक्टोपसच्या माणसांनी पळवलंय. पाण्याखालच्या अड्ड्यात तुंबळ मारामारी होते आणि ३२ व्या अंकाच्या शेवटी पीटर एका अवाढव्य यंत्राखाली गाडला जातो. औषधाचा डबा समोर पडलाय, हाताच्या टप्प्याच्या जरासा बाहेर. छतातून पाणी गळतंय. क्रमशः!

पुढच्या अंकात वीस पानांपैकी पहिली पाच पानं हा माणूस फक्त उठायचा प्रयत्न करतो. पाव अंक! दुसऱ्या कुणी दोन चौकटींत उरकलं असतं: एकात दात-ओठ खाल्ले, दुसऱ्यात यंत्र उडवलं. डिटको तसं करत नाही. आधी चौकटी दाटीवाटीच्या, त्यातली बहुतेक जागा यंत्रानं खाल्लेली, पीटर तळाशी चेपलेला. तो जोर लावतो, हरतो. मे काकू आणि बेन काका यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर येतात. मग परत जोर. चौकटी मोठ्या व्हायला लागतात, यंत्र कलतं, पाठ आणि जमीन यांच्यात फट दिसायला लागते. आणि पाचव्या पानावर चौकटच नाही, अख्खं पान एकच चित्र: यंत्र वर, माणूस खाली, पण मोकळा.

यंत्र किती टनांचं आहे हे सांगावंच लागत नाही. पानावरची जागा कोणाच्या ताब्यात आहे यावरून ते आपोआप कळतं.

आता माझी तक्रार. हीच पानं फोनवर बघा. एकेक चौकट पडदाभर मोठी करून दाखवायची सोय असते ना, त्यात टिचभर चौकट आणि पूर्ण पान दोन्ही एकाच मापाचे होतात. डिटकोनं पाच पानं खपून जे रचलं ते एका बोटात सपाट! माझं म्हणणं असं की या कॉमिक्सची गोष्ट चौकटीत नसते, पानात असते. तुम्हाला काय वाटतं? पटत नसेल तर भांडा, पण पान दाखवून भांडा.

खारूताई

मस्त धागा. ती पाच पानं मी लीचे संवादांचे फुगे अंगठ्यानं झाकून वाचली होती. एक अक्षर न वाचता सगळं कळतं. मग इतकं बोलायचं कशाला? पाठीवर यंत्र आहे आणि हे महाशय परिच्छेदच्या परिच्छेद स्वगत म्हणतायत. संगीत नाटकातला नायक मरताना पद म्हणतो, तशातली गत.

अडगळीतला

खारूताई, नाटकाचं उदाहरण झकास, पण लीवर अन्याय होतोय. तेव्हा मार्व्हलमध्ये, म्हणजे हे अंक काढणाऱ्या कंपनीत, काम कसं चालायचं ते लक्षात घ्या. आधी पटकथा लिहून मग चित्रं, असं नव्हतं. ली थोडक्यात कथानक सांगायचा, चित्रकार वीस पानांत ते आपल्या मनानं बसवायचा, आणि चित्रं तयार झाल्यावर ली फुगे भरायचा. किती पानं कशाला द्यायची हा निर्णय चित्रकाराचा. या अंकांच्या वेळेपर्यंत तर ली आणि डिटको यांचं बोलणंही बंद होतं. कथानक डिटकोच रचायचा, आणि अंकात तसं श्रेयही त्याच्या नावावर छापलंय. ३८ व्या अंकानंतर त्यानं काम सोडलं.

म्हणजे ती पाच पानं डिटकोची हे मान्य. पण शब्द काढले तर वाचक ती पाच पानं किती वेळात उलटेल? अर्ध्या मिनिटात. लीचं स्वगत तुम्हाला यंत्राखाली थांबवून धरतं. वजन चित्रात आहे, वेळ शब्दांत आहे.

शाईचा डाग

@अडगळीतला, वेळेचा मुद्दा बिनतोड. माझ्या डोक्यात आला नव्हता. तरीही काही फुगे जास्तच आहेत, यावर मी खारूताईंच्या बाजूनं.

निवांत पाटील

२०१७ च्या 'होमकमिंग' सिनेमात हाच प्रसंग घेतलाय, पोरगं ढिगाऱ्याखाली अडकतं तो. अभिनय चांगला, पण कॉमिक्समधला दणका नाही. आता कारण कळलं. थिएटरचा पडदा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मापाचा. वाढणार कुठून?

मुंगूस

डिटको, डिटको काय लावलंय. राजा एकच, जॅक किर्बी!

'फँटॅस्टिक फोर' ४८ ते ५०, मार्च ते मे १९६६. गॅलॅक्टस येतोय. आता ग्रह खाणारा प्राणी दाखवायचा कसा? किर्बी जवळजवळ अख्खा अंक त्याला दाखवतच नाही. आधी आकाश पेटतं, रस्त्यावर लोकांची पळापळ. मग आकाशात दगडधोंडे तरंगायला लागतात. पृथ्वी लपवायला वॉचर नावाच्या पात्रानं केलेली ती करामत असते. चकचकीत अंगाचा एक जण फळीवर उभा राहून अंतराळातून येतो. (हा सिल्व्हर सर्फर लीच्या कथानकात नव्हताच. किर्बीनं चित्र काढून आणलं तेव्हा लीला कळलं की असंही एक पात्र आहे.) आणि शेवटच्या पानावर साहेब स्वतः प्रकटतात.

विनोदी भाग असा की या पहिल्या दर्शनात ब्रह्मांडभक्षकाच्या छातीवर इंग्रजी 'जी' अक्षर आहे. शाळेच्या गणवेशावर असतं तसं. पुढे त्यांना शहाणपण आलं.

खारूताई

मुंगूस, किर्बीची माणसं मला झेपत नाहीत हो. बोटं म्हणजे ठोकळे, गुडघे चौकोनी, बायकांचे चेहरे सगळे एकसारखे. डिटकोचे हात बघा. जाळं सोडताना मुडपलेली दोन बोटं, त्याच्याच जादूगार डॉक्टर स्ट्रेंजच्या मंत्र म्हणणाऱ्या मुद्रा. नुसत्या पंजांवरून पात्र ओळखू येतं.

मुंगूस

शरीरशास्त्र शिकायला किर्बीकडे कोण जातं? त्याच्या मारामारीत ठोसा पानातून बाहेर आपल्या नाकावर येतो. मूठ डोक्याएवढी, मागे हात निमुळता होत गेलेला, पाय लांब कुठेतरी. बरोबर काढलं असतं तर मेलेलं चित्र झालं असतं. आणि ऊर्जा दाखवायला ते काळे गोळे! साठच्या दशकात त्यानं ते वापरायला घेतले, आज जगभर चाहते त्यांना 'किर्बी क्रॅकल' म्हणतात. पोकळीत काळे ठिपके काढून उजेड दाखवायचा म्हणजे काय डोकं असेल!

अडगळीतला

किर्बीबद्दल एक तांत्रिक गोष्ट. १९६७ च्या सुमारापर्यंत मूळ चित्रं छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट मापाच्या कागदावर काढायचे. मग कागद लहान झाला, साधारण १० बाय १५ इंच. त्यानंतरचा किर्बी बघा: पानावर चौकटी कमी, माणसं मोठी, अर्ध्या-अर्ध्या पानाची चित्रं. लोक म्हणतात शैली बदलली. बदललीच, पण टेबलावरचा कागदही बदलला होता.

शिवाय पेन्सिलीच्या चित्रावर शाई कोण फिरवतं यावर सगळं अवलंबून. जो सिनॉटनं शाई केलेला 'फँटॅस्टिक फोर' लखलखतो. तोच किर्बी 'थॉर'मध्ये व्हिन्स कोलेटाच्या हाती गेला की मागची गर्दी, इमारती गायब. मुदत गाठायला कोलेटा पेन्सिलीचे तपशील चक्क खोडून टाकायचा.

टोपणनाव सुचेना

कोलेटाची बाजू घेतो, कारण कुणीतरी घ्यायला हवी. अंक वेळेवर छापखान्यात गेला नाही तर धंदा बसतो. शिवाय त्याच्या बारीक, खरखरीत रेघांनी थॉरच्या देवनगरीला, म्हणजे अ‍ॅसगार्डला जुन्या पुराणातल्या चित्रांचा बाज येतो. सिनॉटच्या गुळगुळीत शाईत ते अवकाशयानासारखं दिसलं असतं.

मुंगूस

हे वाचून तीन मिनिटं गप्प बसलो होतो. असहमत. पण बाज येतो हे खरं आहे, च्यायला.

चार रंग

छपाईत आयुष्य गेलं म्हणून रंगांबद्दल लिहितो.

हे अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापले जायचे. निळा, गुलाबी, पिवळा या तीन शायांच्या ठरावीक छटा, सर्वसाधारणपणे २५, ५० आणि १०० टक्के. त्या एकमेकांत मिसळून साठेक रंग मिळायचे, वर काळी रेघ. रंग देणारा पानाच्या छोट्या प्रतीवर रंग भरून प्रत्येक रंगाचा सांकेतिक क्रमांक लिहायचा, पुढचं काम प्लेट बनवणाऱ्यांचं. म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग त्यानं कागदावर लावलेलाच नाही, त्याची फक्त ऑर्डर दिलीय!

हल्क पहिल्या अंकात (मे १९६२) करडा होता. छपाईत तो करडा कुठे काळपट, कुठे फिका, एकाच अंकात वेगवेगळा यायला लागला. दुसऱ्या अंकापासून हिरवा केला. इतक्या प्रसिद्ध पात्राचा रंग छापखान्याच्या अडचणीतून ठरलाय.

आता ही जुनी पानं आर्ट पेपरवर पुनर्मुद्रित करतात तेव्हा होतं काय, की तोच १०० टक्के पिवळा डोळ्यांत खुपतो. मूळचा कागद शाई पिऊन तिला नरम करायचा आणि रंग देणाऱ्यानं तो हिशेब धरलेला असायचा. काही आवृत्त्यांत तर संगणकावर नव्यानं छटा भरतात, गालांवर चकाकी, स्नायूंवर सावल्या. डिटकोची सावली काळ्या शाईत आधीच दिलेली असते, त्यावर ही दुसरी. एका माणसावर दोन सूर्य.

नीलमोहर

'चार रंग' यांचा प्रतिसाद वाचनखुणेत. मूळ कागदाच्या पिवळेपणासकट स्कॅन करून छापलेल्या आवृत्त्या मिळतात का? घ्यायच्या तर कशा ओळखायच्या?

चार रंग

मिळतात, महाग असतात. पुस्तकाच्या आतल्या पानाचा फोटो मागा. पांढरी जागा पांढरीशुभ्र दिसली आणि ठिपके दिसले नाहीत तर ते नव्यानं रंगवलेलं आहे.

रविवार सकाळ

धागा अमेरिकेत रमलाय पण आपल्याकडच्या बहुतेकांची मुखवटेवाल्या नायकाशी ओळख करून दिली ती इंद्रजाल कॉमिक्सनं. टाइम्स ऑफ इंडियाचं प्रकाशन, मार्च १९६४ पासून, पुढे मराठीतही. वेताळ, म्हणजे मूळचा फँटम! ली फॉकनं १९३६ मध्ये सुरू केलेला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधीचा. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांत बुबुळं न दिसणारा मुखवटा, हे सगळं तिथून.

शाईचा डाग यांचा पानाचा मुद्दा इंद्रजालला लावून बघा, गंमत येते. वेताळ मुळात वर्तमानपत्रातली पट्टी. रोज तीनचार चौकटी. पहिल्या चौकटीत कालची आठवण करून द्यायची, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी टांगून ठेवायचं. पान ही कल्पनाच त्या चित्रकारांसमोर नव्हती. त्या पट्ट्या एकत्र करून इंद्रजालची पानं बनवली, जागेत बसवायला चौकटी कापल्या, काही गाळल्या. त्यामुळे जुना अंक आज सलग वाचला की दर काही चौकटींनी कुणीतरी आपण नुकतंच वाचलेलं परत सांगतो. लहानपणी वाटायचं जंगलातली माणसं जरा विसराळू असावीत.

आणि बी. गोविंद यांची रंगवलेली मुखपृष्ठं! आतल्या चित्रांहून मला तीच जास्त आठवतात.

खारूताई

विसराळू माणसं :) :) आणि वेताळाच्या बंगाला देशाचं डेंकाली केलं होतं, सिंग चाच्यांचं सिंगा. इकडे कुणाच्या भावना दुखायला नकोत म्हणून.

शाईचा डाग

@रविवार सकाळ, हे फारच आवडलं. पट्टीतसुद्धा सिड बॅरीची आखणी...

रविवार सकाळ

साय बॅरी हो. १९६० च्या दशकापासून नव्वदीपर्यंत वेताळ त्याचाच.

सरळ रेघ

धाग्याच्या मूळ सिद्धांताला विरोध नोंदवतो. चौकटी वाढल्या, पान फुटलं, हे सगळं ठीक. पण माझ्या मते सगळ्यात कसलेलं काम 'वॉचमेन'मध्ये आहे (१९८६-८७, बारा अंक, लेखन अ‍ॅलन मूर, चित्रं डेव्ह गिबन्स) आणि तिथे पान म्हणजे तीन गुणिले तीन, नऊ सारख्या चौकटी. पानामागून पान तेच. तुमच्या हिशेबानं हे कंटाळवाणं व्हायला हवं.

होत नाही, कारण नऊ चौकटींच्या ठेक्यात एखादी जोडून दुप्पट रुंद केली तरी दचकायला होतं. पाचवा अंक उघडा. त्याचं पहिलं पान आणि शेवटचं पान, दुसरं आणि शेवटून दुसरं, अशी मांडणी आरशात पाहिल्यासारखी जुळवलीय. बरोबर मध्ये १४-१५ या पानांवर ओझिमँडियस या पात्रावरचा हल्ला. तिथे दोन्ही पानं मिळून एकच चित्र होतं आणि तो दोन्ही बाजूंना एकमेकांवर दुमडल्यासारखा दिसतो. शिवाय मोलॉक या दुसऱ्या पात्राच्या घराबाहेर एका बारची दिव्यांची पाटी उघडझाप करतेय, म्हणून रंग देणाऱ्या जॉन हिगिन्सनं एकाआड एक चौकटीचा रंग बदललाय. उजेड, अंधार, उजेड, अंधार. नऊ हा विषम आकडा असल्यामुळे पानावर बुद्धिबळाचा पट तयार होतो.

हे फोनवर एकेक चौकट बघणाऱ्याला कधीच दिसणार नाही. तेव्हा विरोध करायला आलो होतो, पण तुमच्याच मुद्द्याला टेकू देऊन बसलो की काय कोण जाणे.

शाईचा डाग

बसलात. :) सारख्या चौकटीही पानच आहेत. डिटकोसुद्धा स्पायडरमॅनच्या कितीतरी पानांवर नऊ चौकटींचाच साचा वापरतो, म्हणून तर यंत्राचं पान उठून दिसतं.

त्याच १९८६ मधला फ्रँक मिलरचा 'द डार्क नाइट रिटर्न्स' यात धरा. तिथे पान सोळा चौकटींत विभागलंय. ब्रूसच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, आईवडिलांच्या खुनाचा प्रसंग: शब्द नाहीत, पिस्तुलाला अडकलेली मोत्यांची माळ ताणली जाते, तुटते, मोती हवेत. चौकट इतकी लहान की पूर्ण माणूस मावत नाही, फक्त तुकडे. भेदरलेल्या मुलाला आयुष्यभर आठवत राहतील तेवढेच. क्लाउस जॅन्सनची शाई आणि लिन व्हार्लीचे मळकट रंग. मिलरची नंतरची कामं मला सोसत नाहीत, पण हे पान सोसावं लागतंच.

नीलमोहर

चित्रकार जिम स्टरँकोचं नाव अजून कसं नाही? 'निक फ्युरी' अंक १, जून १९६८, पहिली तीन पानं एक शब्द नाही. साधा आवाजही लिहिलेला नाही. किल्ल्यात शिरणारा माणूस आणि पावसाळी रात्र. मार्व्हलमध्ये, जिथे ढेकर दिली तरी फुगा असायचा!

त्याच्याआधी 'स्ट्रेंज टेल्स' १६७ मध्ये त्यानं चार पानांचं एकच चित्र काढलं. आता चार पानं एकदम दिसणार कशी? दोन पानं समोर, दोन मागच्या बाजूला. पूर्ण चित्र बघायचं तर अंकाच्या दोन प्रती घेऊन शेजारी शेजारी मांडायच्या. अंकातच तशी सूचना आहे. बारा सेंटचा अंक चोवीस सेंटला विकायची ही युक्ती कुणाला सुचली नव्हती.

टोपणनाव सुचेना

नील अ‍ॅडम्सनं यावर केलेली चेष्टा माहितीये? 'स्ट्रेंज अ‍ॅडव्हेंचर्स' २१६ मध्ये डेडमॅन या नायकाच्या गोष्टीत एका चौकटीत वळणावळणाच्या रेघा आहेत. पान डोळ्यांच्या रेषेत आडवं धरून खालच्या कडेकडून बघितलं की अक्षरं दिसतात: 'अरे, हा तर जिम स्टरँको इफेक्ट' अशा अर्थाची. डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या अंकात मार्व्हलच्या चित्रकाराचं नाव! फोन आडवा धरून बघितलं तरी जमतं, तेव्हा फोनला अगदीच टाकाऊ म्हणू नका.

निवांत पाटील

मला एकच चौकट सांगायची आहे. 'अमेझिंग स्पायडरमॅन' १२१, जून १९७३. लेखन जेरी कॉनवे, पेन्सिल गिल केन, शाई जॉन रोमिता. पीटरची प्रेयसी ग्वेन पुलावरून पडते, पीटर जाळं टाकून तिला पकडतो. आणि तिच्या मानेजवळ छोट्या अक्षरांत एक 'स्नॅप'. एवढंच. कुणी काही बोलत नाही. तो अजून स्वतःवर खूश आहे, तिला वर ओढतोय, आणि आपण मात्र ते वाचलेलं आहे. पहिल्यांदा वाचताना माझ्या नजरेतून तो शब्द सुटला होता. कळल्यावर मागे जाऊन शोधला. सिनेमात मागे जाता येत नाही.

मुंगूस

तो पूल जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज.

निवांत पाटील

मजकुरात तसं लिहिलंय. चित्रात दगडी मनोरे आहेत, म्हणजे ब्रुकलिन ब्रिज.

मुंगूस

लेखकानं जे लिहिलं ते प्रमाण.

खारूताई

वा रे वा! मघापासून चित्रकार राजा होता ना? चित्रात दिसतो तोच पूल. ब्रुकलिन.

सरळ रेघ

न्यू जर्सीत राहतो, जॉर्ज वॉशिंग्टनवरून नेहमी येणंजाणं आहे. पोलादी सांगाडा आहे तो, दगड औषधालाही नाही. ब्रुकलिनच.

मुंगूस

काल्पनिक न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज दगडी असू शकतो. माणूस भिंतीवर चढतो ते चालतं तुम्हाला.

संपादक

पुलाबद्दलचे यापुढचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले जातील. इथे पानांबद्दल बोला. नीलमोहर यांनी चार पानांचं चित्र कुणाकडे जोडलेलं असेल तर फोटो टाका म्हणून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, ज्यांच्याकडे दोन प्रती आहेत त्यांनी कळवावं.